शेल: अनिवार्य काय आणि सवयीचे काय?

आजचा प्रश्न संगणकाचा असला तरी मुळात तो तर्कशास्त्राचा आहे. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एखादे ठरावीक शेल सक्तीने असायलाच हवे का? शेल म्हणजे आपण टाइप केलेली आज्ञा वाचून ती सिस्टिमकडून करवून घेणारा प्रोग्राम. त्यांतले 'बॅश' १९८९पासून वापरात आहे आणि डेबियन लिनक्सच्या 'अत्यावश्यक' यादीत आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' ही सिस्टिम डेबियनवरच उभी आहे. म्हणजे प्रश्न आपल्या घरचाच.

आता 'अत्यावश्यक' याचा अर्थ बघू. एक तर ती वस्तू सहजी काढता येत नाही. दुसरे म्हणजे, जो प्रोग्राम तिच्यावर अवलंबून आहे त्याला तसे जाहीर करावे लागत नाही. 'ती आहेच' असे सगळेच धरून चालतात. खरी मेख इथे आहे.

आपल्या न्यायदर्शनात 'अन्यथासिद्ध' अशी संज्ञा आहे. कुंभाराने माती गाढवावरून आणली, तरी गाढव हे घटाचे कारण नव्हे. माती दुसऱ्या मार्गानेही आली असती. नायगावहून पाणजू बेटावर होडीने जावे लागते. तिथे खाडी ओलांडणे अनिवार्य आहे, अमुकच होडी नव्हे.

मग बॅश कारण की गाढव? २००६मध्ये उबुंटूने आणि २०११मध्ये डेबियनने सिस्टिमच्या अंतर्गत कामांसाठी बॅशऐवजी 'डॅश' हे छोटे, वेगवान शेल नेमले. सिस्टिम चालू राहिली. मात्र बॅशची खास वळणे गृहीत धरून लिहिलेल्या कितीतरी स्क्रिप्ट दुरुस्त कराव्या लागल्या. सप्टेंबर २०१४मध्ये बॅशमधला 'शेलशॉक' हा गंभीर दोष उघड झाला. तो सुमारे पंचवीस वर्षे आत दडून होता. जिथे अंतर्गत कामे डॅशकडे होती, तिथे धोक्याच्या काही वाटा आपोआप बंद होत्या.

'मग बॅश आजच काढा,' असे कोणी म्हणेल. थांबा! जे अवलंबित्व कोणी लिहूनच ठेवलेले नाही, ते मोडले की दोष कुठे आहे हे शोधणेही अवघड. उद्या एखाद्या शाळेतला संगणक अपडेटनंतर नीट चालला नाही, तर शिक्षकाने कुणाकडे बघावे?

म्हणून आमचे म्हणणे असे: आज्ञा वाचणारे, प्रमाणित नियम पाळणारे एक शेल सर्वसाधारण सिस्टिममध्ये अनिवार्य असावे. त्याचे नाव बॅशच असावे, ही सक्ती नको. पण क्रम चुकवू नये. आधी प्रत्येक प्रोग्रामने आपली गरज जाहीर करावी, मग सक्ती उठवावी. सवयीला गरज म्हणणे जितके चूक, तितकेच गरज न तपासता सवय मोडणेही चूक.