गाजर गवत : वाढते कुठे आणि येते कुठून



काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा बाबुना, आपली शेवंती आणि सूर्यफूल ही सगळी एकाच कुळातली. त्याच कुळातला एक आगंतुक आपल्या बांधावर ठाण मांडून आहे. गाजरासारखे कातरलेले पान आणि वर बारीक पांढरी फुले. कोणी गाजर गवत म्हणते, कोणी काँग्रेस गवत, कोणी चटकचांदणी. काही मंडळी याला रानातला बाबुना समजतात. तसे नाही. बाबुन्याला मधे पिवळी गोंडी व भोवती पांढऱ्या पाकळ्या असतात. याचे फूल नुसतेच पांढरे, ज्वारीच्या दाण्याएवढे. याचा काढा कोणी करू नये.

हे मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडे १९५५ साली पुण्यात त्याची नोंद झाली. परदेशी गव्हाबरोबर आले असे मानतात.

तापी-गोमाईच्या काठी फिरताना नीट बघा. दाट वाढलेल्या उसाच्या सावलीत हे फारसे टिकत नाही. त्याचे घर म्हणजे बांध, पाटचारीचा काठ, गाडीरस्ता, उकिरडा आणि पडीक तुकडा. एका झाडाला हजारो बिया धरतात आणि त्या पाण्याबरोबर, शेणखताबरोबर थेट सरीत उतरतात. म्हणजे शेत स्वच्छ आणि बांध हिरवा, असले निंदण अर्धेच!

खरा त्रास निंदणाऱ्या बायांना होतो. हातावर, मानेवर खाज, चट्टे, काहींना दमाही. ‘उन्हाने झाले’ म्हणून सोडून देऊ नका. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा मालकाने द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. जनावराने हे खाल्ले तर दूधही कडवट लागते.

पावसानंतर जमीन ओली असताना, फूल येण्याआधी मुळासकट उपटावे. उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात फूल येते, तेव्हा उशीर नको. फुलाआधीचे झाड खड्ड्यात कुजवून खत होते. फुललेले मात्र उकिरड्यावर टाकू नये. मिठाच्या पाण्याची फवारणी काही जण सांगतात. पडीक जागी चालेल, उसाच्या बांधाला नको. आधीच काही जमिनी चोपण होत चालल्या आहेत. खोडव्यात पाचट न जाळता सरीत पसरले की तण कमी उगवते.

पावसाळ्यात या झाडावर पांढुरके, काळ्या रेघांचे भुंगेरे दिसतील. ते मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये बंगळूरला सोडलेले. गाजर गवताची पाने खाऊन ते झाडाची चाळण करतात. त्यांच्यावर औषध मारू नका. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याला आधी सांगून दोघांनी एकाच दिवशी उपटावे.