जुन्या मोटारगाडीचा मूळ रंग कसा शोधावा

बेंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. समुद्राचा खारा वारा तेथे पोहोचत नाही. मुंबईसारख्या बंदरात लोखंडी पत्र्यास थोड्या वर्षांत जो गंज चढतो, त्यास येथे पुष्कळ अधिक काळ लागतो. जुन्या मोटारगाड्या जपणाऱ्यांची परंपरा या शहरात टिकून राहिली, तिला हवेचाही हातभार लागला असावा. बेंगळुरूहून म्हैसूरकडे जाताना श्रीरंगपट्टणजवळ ‘पयण’ नावाचे मोटारगाड्यांचे संग्रहालय लागते. अशा ठिकाणी आरशासारख्या चकाकणाऱ्या गाड्या पाहताना एक प्रश्न मनात यावा : आज दिसणारा हा रंग घेऊनच ही गाडी कारखान्याबाहेर पडली होती काय?

हा प्रश्न केवळ हौशीचा नाही. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या व मोठे फेरबदल न झालेल्या वाहनांस ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला स्वतंत्र नोंदणी क्रमांक मिळू शकतो. तेव्हा ‘मूळ स्वरूप’ कोणते, हे पुराव्याने सांगता येणे अगत्याचे ठरते. हा पुरावा गाडीच्या अंगावरच असतो आणि तो नष्ट करावयास रंगाऱ्याचा एक दिवस पुरतो.

प्रथम कारखाना कोणता, हे पाहिले पाहिजे. दक्षिणेत मिळणारी जुनी शेव्हरोले अमेरिकेत तयार झाली असे आपण सहज म्हणतो. परंतु जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जोडणीचा कारखाना उघडला होता व तो १९५४ च्या सुमारास बंद झाला. परदेशातून पेट्यांमध्ये सुटे भाग येत आणि येथे त्यांची गाडी होई. फोर्ड कंपनीनेही मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे अशी व्यवस्था केली होती. बेंगळुरूस जवळच्या मद्रासमध्ये स्टँडर्ड कंपनीच्या गाड्या जोडल्या जात. तेथूनच १९६१ पासून स्टँडर्ड हेराल्ड बाहेर पडू लागली. जोडणीच्या कारखान्यांत रंग देण्याचे व गाद्या बसविण्याचे कामही पुष्कळदा होई. म्हणून अमेरिकेतील छापील रंगपट्टिका प्रमाण मानून शिवडीची गाडी रंगविणे म्हणजे एका मुलाच्या पत्रिकेवरून दुसऱ्याचे भविष्य सांगण्यासारखे आहे.

रोल्स-रॉइसची गोष्ट आणखी निराळी. म्हैसूरच्या राजघराण्यासारखे ग्राहक ती गाडी मागवीत, त्या काळी कंपनी केवळ इंजिनासह सांगाडा बनवी. वरचे शरीर बार्कर किंवा हूपर यांसारखे स्वतंत्र कारागीर बांधीत. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या रोल्स-रॉइसचा रंग शोधताना कारखान्याच्या कागदांइतकेच त्या कारागिराचे कागदही महत्त्वाचे असतात.

कागदपत्रांनंतर पत्र्यावरील अंक पाहावेत. इंग्लंडमधील गेडन येथील मोटार संग्रहालय एमजी, ट्रायंफ, रोव्हर इत्यादी गाड्यांच्या निर्मितीच्या नोंदवह्यांवरून दाखले देते. त्यांत निर्मितीची तारीख, इंजिनाचा क्रमांक व पुष्कळदा रंगही असतो. अर्थात जी गाडी रंगाशिवाय, सुट्या भागांत पाठविली गेली तिच्याविषयी ती वही मौनच पाळणार. १९३० नंतरच्या दशकातील अनेक अमेरिकन गाड्यांत इंजिन व बैठक यांमधील पत्र्यावर एक लहान पट्टी असते. तीवर शरीराचा प्रकार, गादीचे कापड व रंग यांचे क्रमांक ठोकलेले असतात. पण पट्टी दोन स्क्रूंनी निघते व दुसऱ्या गाडीवर बसते. प्रत्यक्ष धातूत ठोकलेला क्रमांक इतका सहज फिरविता येत नाही. ठोक्याने अंकाखालील धातूचे कण दाबले जातात. वरचा अंक कानशीने घासून काढला तरी योग्य आम्ल लावल्यास तो दाबलेला भाग निराळा दिसू लागतो व पुसलेला आकडा पुनश्च उमटतो. गुन्हे-अन्वेषणाच्या प्रयोगशाळा याच गुणाचा उपयोग करतात.

आता रंगाकडे वळू. रंगलेपात मुख्यतः दोन वस्तू असतात : रंगद्रव्याची भुकटी आणि तिला धरून ठेवणारे बंधक द्रव्य. प्रारंभीच्या गाड्यांना तेल व रोगण यांचे अनेक हात देत; ते वाळावयास आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी ही गाडी १९१४ ते १९२५ या काळात काळ्याच रंगात निघे. तो डांबरी जातीचा काळा लेप भट्टीत लवकर वाळे. १९२३ च्या सुमारास द्युपाँ कंपनीचा ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोजचा लेप आला आणि आठवड्यांचे काम एक-दोन दिवसांवर आले. पुढे अल्किड इनॅमल आले, आणि १९५० नंतरच्या दशकात अॅक्रिलिक. याप्रमाणे बंधक द्रव्य ओळखले की त्या थराचा काळ बराचसा आवळता येतो. अॅसिटोनमध्ये बुडविलेला कापसाचा बोळा लपलेल्या जागी घासला असता नायट्रोसेल्युलोज विरघळून कापसाला रंग लागतो; इनॅमल बहुधा फुगते व सुरकुतते. अॅक्रिलिक लॅकरही विरघळत असल्यामुळे ही परीक्षा प्राथमिक समजावी.

परंतु मूळ थर सापडावयाचा कोठे? बोनेटवर नव्हे. डॅशबोर्डाच्या मागे, दाराच्या आतील अस्तराखाली, काचेच्या रबरी पट्टीखाली, क्रमांकाच्या पट्टीमागे; थोडक्यात, जेथे पुन्हा रंग देणाऱ्याचा हात पोहोचला नाही तेथे. बाहेरच्या पत्र्यावर बारीक वॉटर पेपरने, पाणी लावून, रुपयाएवढी जागा हळूहळू घासावी. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे एकाखाली एक थर कड्यांच्या रूपाने दिसू लागतात. कोरडे घासणे मात्र धोक्याचे आहे. जुन्या रंगांत शिसे असते व त्याची धूळ श्वासाबरोबर शरीरात जाते. हे काम विद्यार्थ्यांनी एकट्याने करू नये.

या कड्यांत एक फसगत आहे. तळाचे तपकिरी कडे मूळ रंगाचे, की रंगापूर्वीच्या अस्तराचे? त्याचा निर्णय सूक्ष्मदर्शक करतो. मोहरीहूनही लहान कपचा राळेत बसवून, आडवा घासून शंभर-दोनशे पटींनी मोठा करून पाहावा. दोन थरांच्या मध्ये धुळीची किंवा मेणाची बारीक रेघ असेल, तर खालचा थर घेऊन गाडी रस्त्यावर फिरली होती असे समजावे. अशी रेघ नसेल व दोन्ही थर घट्ट बिलगलेले असतील, तर ते बहुधा एकाच वेळी चढविलेले अस्तर व रंग होत. धुळीसारख्या क्षुद्र वस्तूने इतकी चोख साक्ष द्यावी, हे मला या सर्व शोधातील सर्वांत रम्य वाटते.

रंगद्रव्येही तारीख सांगतात. ताम्रयुक्त थॅलोसायनिन निळा १९३५ साली बाजारात आला. १९२९ च्या गाडीवरील ‘मूळ’ निळ्या थरात तो आढळला, तर तो थर मूळ नव्हे हे निश्चित. टायटॅनियमच्या पांढऱ्या भुकटीचा रूटाइल हा स्फटिकप्रकार रंगांत १९४० च्या सुमारास येऊ लागला. क्ष-किरणांनी थरातील मूलद्रव्ये कळतात, तर अवरक्त किरणांनी व रामन वर्णपटाने संयुगे ओळखता येतात.

थर सापडला तरी डोळ्यांना दिसणारी छटा जशीच्या तशी स्वीकारू नये. नायट्रोसेल्युलोज कालांतराने पिवळे पडते. त्यामुळे निळा हिरवट व पांढरा सायीसारखा दिसतो. उलट जवसाच्या तेलाचा लेप अंधारात अधिक पिवळा होतो. म्हणजे रबराखाली झाकलेला नमुनाही पूर्ण विश्वासाचा नसतो. दोन-तीन निरनिराळ्या जागांचे नमुने दिवसाच्या उजेडात एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत आणि वर्णमापकाचे आकडे टिपून घ्यावेत. प्रत्येक कपचा वेगळ्या पाकिटात ठेवून, कोणत्या भागावरून व कोणत्या दिवशी काढला हे त्यावर लिहावे. गाडी पुन्हा रंगवावयाचीच असेल, तर डॅशबोर्डामागील तळहाताएवढा पत्रा तरी रंगाऱ्याने न घासता, न रंगविता तसाच ठेवावा.