रोजची गोळी, आठवड्याची गोळी

रक्ताच्या कर्करोगाचा उपचार म्हटलं की सलाईनची बाटली, केस गेलेलं डोकं आणि परळचं टाटा रुग्णालय डोळ्यांसमोर येतं. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्तकर्करोगात, म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात (पालकांच्या तोंडी ‘एएलएल’), हा जोराचा भाग बहुधा वर्षाच्या आत आटोपतो. त्यापुढे दीड-दोन वर्षं उपचार चालतो तो लोहा, मुखेड, औसा, निलंगा इथल्या घरांत. नंदीग्राम किंवा देवगिरी एक्स्प्रेसने मूल परत येतं, केस पुन्हा उगवतात, शाळा सुरू होते. केमोथेरपी मात्र सुरूच असते. ती देणारी आता नर्स नसते, आई असते.

या टप्प्याला डॉक्टर ‘मेंटेनन्स’ म्हणतात. मुख्य औषधं दोन आणि दोन्ही गोळ्या. मर्कॅप्टोप्युरिन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. तपासणीत न दिसणाऱ्या, अस्थिमज्जेत दडून राहिलेल्या पेशी या गोळ्यांनी हळूहळू संपवायच्या असतात.

सर्वांत मोठा धोका या दोन वेळापत्रकांच्या अदलाबदलीत आहे. मेथोट्रेक्सेटचा आठवड्याचा डोस म्हणजे बहुधा २.५ मिलिग्रॅमच्या काही गोळ्या, एकाच दिवशी घ्यायच्या. पाकिटात गोळ्या पुष्कळ दिसतात, आई शेतात गेलेली असते, आणि घरातलं दुसरं कुणी तरी रोज देऊ लागतं. काही दिवसांतच तोंडात फोड येतात, गिळता येत नाही, रक्तपेशी कोसळतात. जीवही जाऊ शकतो. हा घोळ जगभर होतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये त्याचा आढावा घेऊन आठवड्याची सूचना वेष्टनावर ठळक छापायला लावली आणि रुग्णाजवळ कार्ड देण्याची शिफारस केली. आपल्याकडे हे काम घरच्या घरी करावं लागतं. वार ठरवून तो फाईलवर, पाकिटावर आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा. आठवडी बाजाराचा वार निवडला तर तो गावात कुणीच विसरत नाही. आणि गोळ्या देणारं माणूस शक्यतो एकच असावं.

मेथोट्रेक्सेटच्या गोळीला दिसायला जवळची एक गोळी आहे, फॉलिक अॅसिडची. दोन्ही लहान, बऱ्याचदा दोन्ही पिवळ्या. त्यामुळे मेडिकलमधून पाकीट हातात आलं की नाव वाचायचं, रंगावर जायचं नाही. या दोघींचं नातं जुनं आहे आणि त्याचा एक धागा मुंबईत सापडतो. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गिरणी कामगार बायकांच्या गरोदरपणातल्या पंडुरोगाचा अभ्यास करायला मुंबईत आली. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. काही वर्षांनी बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांच्या लक्षात आलं की ल्युकेमियाच्या पेशींनाही तेच हवं असतं. मग ते तोडणारं औषध हवं! ते तयार झालं आंध्रच्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या प्रयोगशाळेत. १९४८ मध्ये फार्बर यांनी सोळा मुलांपैकी दहांमध्ये तात्पुरता उतार पडल्याचं जाहीर केलं. मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं. आज प्रगत देशांत एएलएल झालेल्या दहापैकी नऊ मुलं वाचतात.

हा इतिहास घरातल्या निर्णयाशी थेट जोडलेला आहे. मूल फिकट दिसतं म्हणून मावशी रक्तवाढीचं टॉनिक आणते. शाळेत लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी आठवड्याला वाटली जाते. मेथोट्रेक्सेट ज्याला अडवतं तेच आपण वरून भरतो, असं होऊ शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही नको, आणि शिक्षकांना तसं सांगून ठेवायला हवं.

मर्कॅप्टोप्युरिनची अडचण वेगळी. ही गोळी ५० मिलिग्रॅमची असते आणि मुलाचा डोस त्याच्या वजन-उंचीवरून ठरतो, म्हणून कधी अर्धी, कधी पाव, कधी एक दिवसाआड वेगळी. पाव गोळी अचूक तोडणं कुणालाच जमत नाही. टाटा स्मारक केंद्राच्या खारघरच्या ‘अॅक्ट्रेक’ने बंगळुरूच्या आयडीआरएस लॅब्जबरोबर याच औषधाचं पातळ रूप विकसित केलं, ‘प्रिव्हॉल’ नावाने ते २०२५ मध्ये आलं. मिलिलिटरमागे दहा मिलिग्रॅम औषध, सोबत खुणांची पिचकारी. लहान मुलांसाठी ही मोठी सोय आहे आणि मराठवाड्यातल्या पालकांनी तिच्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावं. गोळीच द्यायची असेल तर ती खलबत्त्यात कुटू नये. भुकटी श्वासात जाते, भांड्याला राहते. हातमोजे घालावेत, नंतर हात धुवावेत, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिने हे काम करू नये. पत्र्याच्या घरात मे महिन्यात फळीवर ठेवलेली औषधं तापतात. त्यांना सावलीची, गार जागा लागते.

गोळी चुकली तर काय बिघडतं? भारतीय वंशाच्या डॉ. स्मिता भाटिया यांनी अमेरिकेत ७४२ मुलांच्या गोळ्यांचा हिशेब ठेवला. ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेतलेल्या मुलांत आजार उलटण्याचा धोका २.७ पट निघाला. म्हणजे महिन्यात दोन गोळ्या हुकल्या तरी आपण त्या रेषेखाली जातो. येळवशीला सगळं घर भज्जी-आंबील घेऊन पहाटेच शेताकडे निघतं, तेव्हा गोळी घरीच राहते. मूल खेळतंय, हसतंय, मग आज नाही दिली तर काय, असंही वाटतं. बरं दिसणाऱ्या मुलाला रोज केमो देणं ही आईबापांची खरी कसोटी आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. उलटी झाली किंवा गोळी राहिली तर मनाने दुप्पट देऊ नये, फोन करावा.

काही मुलांना नेमून दिलेला डोसही झेपत नाही. एनयूडीटी-१५ या जनुकातला फरक आशियाई लोकांत अधिक आढळतो. तो आई आणि बाप दोघांकडूनही आलेला असेल, तर नेहमीच्या डोसचा लहानसा हिस्साही पुरतो. रक्ताच्या चाचणीत हे कळतं. दुसरा सापळा अॅलोप्युरिनॉलचा. उपचाराच्या सुरुवातीला यूरिक अॅसिडसाठी हीच गोळी अनेकदा दिलेली असते. मर्कॅप्टोप्युरिन घडवणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्याच प्रयोगशाळेतून अॅलोप्युरिनॉल आलं, आणि तेही मर्कॅप्टोप्युरिनचा जोर वाढवता येईल का, या शोधातून. दोघांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. दोन्ही गोळ्या एकत्र पडल्या तर मर्कॅप्टोप्युरिनचा डोस पाव ते तिसऱ्या हिश्शावर आणावा लागतो. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून औषध पुन्हा आणण्याची सवय इथे घातक ठरते.

आणि ताप. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट पाहणं या मुलांना परवडत नाही. एकदा ३८.३ अंश सेल्सिअस, म्हणजे १०१ फॅरेनहाइट, किंवा तासभर १००.४ राहिला, की निघायचं. रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावं, असा दंडक आहे. किनवट किंवा देगलूरच्या बाजूच्या गावातून नांदेडला यायलाच किती वेळ जातो! म्हणून गाडी, पैसे आणि मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र तयार ठेवायचं. विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय असो वा लातूरची विलासराव देशमुख संस्था, रात्रपाळीच्या डॉक्टरला ते पत्र पहिल्या मिनिटाला दिसलं पाहिजे. वाटेत गावातल्या दवाखान्यात कमरेत इंजेक्शन नको; प्लेटलेट कमी असतील तर तिथे रक्त साकळतं. आयबुप्रोफेनही नको. शेजारी कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी कळवायचं. पल्स पोलिओचे तोंडातले थेंब या मुलाला आणि घरातल्या भावंडांनाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

खर्चाचा भार थोडा हलका झाला आहे. आज महात्मा फुले जनआरोग्य योजना म्हणून चालणारी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होतं. लातूर २०१३ च्या अखेरीस आलं. रेल्वेत कर्करोग रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ असतं.

राहतो तो रक्ताचा रिपोर्ट. तो आता नांदेड-लातुरातच काढून मोबाईलवर मुंबईला पाठवता येतो. पण तो वाचताना इथे गडबड होते. पांढऱ्या पेशी कमी दिसल्या की घरचे घाबरतात आणि कधीकधी स्थानिक डॉक्टरही गोळ्या थांबवतात. बहुतेक उपचार-आराखड्यांत पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल पेशी ५०० ते १५०० च्या दरम्यान मुद्दाम ठेवलेल्या असतात; तोच औषध लागू पडल्याचा पुरावा. ५०० च्या खाली गेल्या तर गोळ्या थांबवायच्या की नाही हे उपचार करणारे डॉक्टर ठरवतील. त्या महिनोन्‌महिने १५०० च्या वर राहिल्या, तर मात्र रिपोर्ट छान आला म्हणून निर्धास्त होऊ नये. अशा वेळी डॉक्टर आधी विचारतात, गोळ्या रोज जातायत ना? आणि मग डोस वाढवायचा का ते पाहतात.