सराव सलग करावा की विभागून?

रोबोटिक शस्त्रक्रियेत सर्जन रुग्णापासून काही फूट दूर, कन्सोलपुढे बसतो. दोन्ही हातांत नियंत्रणं, पायाखाली कॅमेऱ्याची पॅडल. अमेरिकेत २००० साली मान्यता मिळालेल्या ‘दा विंची’ या शस्त्रक्रियेच्या रोबोच्या बहुतेक यंत्रांत ऊतीवरचा ताण बोटांना जाणवत नाही; दोरा किती ओढायचा, हे डोळ्यांनीच ओळखावं लागतं. ही नजर सिम्युलेटरवर तयार होते. लागलेला वेळ, हातांची अनावश्यक हालचाल, उपकरणांची टक्कर, सगळ्याची नोंद तिथे होते.

पण हा सराव किती दिवसांत विभागावा? टोरांटोत ३८ कनिष्ठ निवासी सर्जनांवर झालेला, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडण्याची चार सत्रं. एका गटाला ती एकाच दिवशी दिली, दुसऱ्याला दर आठवड्याला एक. महिन्याभराने परीक्षा घेतली, तेव्हा विभागून शिकलेले सरस ठरले. तिथे रोबो नव्हता हे खरं, पण हाताचं कौशल्य मेंदूत रुजण्याची रीत तीच.

सत्र संपल्यावरही मेंदू नवी हालचाल पक्की करत राहतो, झोपेतसुद्धा. शिवाय मधल्या काळात थोडं विसरलेलं पुन्हा आठवावं लागतं, आणि त्या धडपडीतच ते टिकाऊ होतं. सलग सरावात हात लगेच सफाईने चालू लागतो, म्हणून ‘आलं’ असं वाटतं. हा समज रुग्णासाठी धोक्याचा आहे.

म्हणून प्रशिक्षण देणाऱ्या रुग्णालयांनी केवळ शनिवार-रविवारच्या कार्यशाळेवर विसंबू नये; निवासी डॉक्टरांना सिम्युलेटर आठवडाभर, थोडा थोडा वेळ वापरू द्यावा.