कापसाच्या तंतूचें बळ कसें मोजतात

कापूस बाजारांत नेला म्हणजे व्यापारी रुईची बट चिमटींत धरून ओढून पाहतो आणि भाव बोलतो. ती परीक्षा अनुभवाची खरी. परंतु तिला आंकडा नसल्यामुळें शेतकऱ्यास उलट बोलण्यास आधार राहत नाहीं. हा आंकडा कसा मिळतो, हें कापूस पिकविणाऱ्या प्रत्येकानें समजून घेणें हिताचें आहे.

मुंबईंत दादरला लागून असलेल्या माटुंग्यास १९२४ सालीं इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीनें याच कामाकरितां प्रयोगशाळा स्थापन केली. परळ-लालबागच्या गिरण्यांस कशी रुई लागते व शेतांत कशी पिकते, यांची सांगड तेथें मोजमापानें घालावयाची होती. १९८२ च्या संपानंतर त्यांपैकीं बहुतेक गिरण्या बंद पडल्या. प्रयोगशाळा मात्र केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून आजही चालू आहे.

कापसाचा तंतू सेल्युलोजचा असतो. साखळीच्या कड्यांप्रमाणें ग्लुकोजचे हजारों घटक जोडून त्याचा एक रेणू होतो. अशा पदार्थांस पॉलिमर म्हणतात. रबर व प्लॅस्टिक हीं त्याच जातीचीं. मिलिमीटरचे १,००० भाग केले, तर तंतूची जाडी त्यांतील १० ते २० भागांएवढीच भरते, व साधारण ३ ते ६ ग्रॅम भारानें तो तुटतो.

एक तंतू दोन्ही टोकांस धरून हळूहळू ताणतात आणि भार व लांबी टिपतात. परंतु एका दाण्यावरून ढिगाची पारख होत नाहीं. तंतू सारखे नसतात, आणि पकडींतील अंतर जितकें जास्त, तितका कमजोर जागा सांपडण्याचा संभव अधिक. म्हणून व्यवहारांत तंतू विंचरून त्यांचा जुडगा ३.२ मिलिमीटर अंतरावर धरून तोडतात आणि बळ ‘ग्रॅम प्रति टेक्स’ या मापानें सांगतात. १,००० मीटर लांबीचें ग्रॅममधील वजन म्हणजे टेक्स. कापूस ओलाव्यानें अधिक बळकट होतो. यास्तव नमुना आधीं ६५ टक्के आर्द्रता व २७ अंश सेल्सिअस उष्णतामान असलेल्या खोलींत ठेवतात.

याहून सूक्ष्म मापासाठीं १९८६ सालीं पुढें आलेलें अणुबल सूक्ष्मदर्शक वापरतात. त्याची अतितीक्ष्ण सुई तंतूच्या भित्तीवर दाबून खळगा किती पडला हें पाहतात. पॉलिमर एकाच भाराखालीं सावकाश दबतच राहतो. म्हणून भाराबरोबर वेळही नोंदावी लागते, नाहींतर माप फसतें.

आतां शेतकऱ्याचा भाग. फूल उमलल्यावर सुमारें तीन आठवडे तंतू लांब होतो. पुढील कांहीं आठवडे त्याच्या आंत सेल्युलोजचे थर बसतात. त्या वेळीं पाण्याचा ताण पडला किंवा पानें गळालीं, तर भित्त पातळ राहते. सबब पूर्ण उमललेलींच बोंडें, दहिंवर सुकल्यावर, वेचावीं. कवडी निराळी ठेवावी. वजनासाठीं पाणी मारूं नये. ओल्या गंजींत बुरशी त्या साखळ्याच तोडते. ढिगाच्या अनेक जागांतून नमुना घेऊन तपासून घ्यावा, म्हणजे भावाच्या बोलीस आंकड्यानें उत्तर देतां येईल.