गोदाकाठचे सांडपाणी आणि दाबता येणारी गाळणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाशिक शहराचे सांडपाणी तपोवन, आगरटाकळी, पंचक, चेहेडी आदी मलजल शुद्धीकरण केंद्रांत प्रक्रिया होऊन गोदावरीत व तिच्या उपनद्यांत उतरते आणि पुढे नांदूरमध्यमेश्वर या महाराष्ट्रातील पहिल्या रामसर पाणथळ क्षेत्राच्या दिशेने वाहते. जैविक प्रक्रियेनंतरही या पाण्यात जिवाणूंचे पुंजके व सूक्ष्म कण तरंगत राहतात. ते काढण्याच्या अखेरच्या टप्प्यासाठी वाळूला पर्याय म्हणून दाबता येणारे माध्यम पुढे आले. त्यात कृत्रिम तंतूंचे सुमारे 3 सेंटिमीटर व्यासाचे मऊ गोळे दोन सच्छिद्र पट्ट्यांमध्ये ठेवतात आणि एक पट्टी सरकवून त्यांचा थर हवा तितका दाबतात. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात चालिस्कानेर व चोबानोग्लूस यांनी या गाळणीचे प्रारूप, म्हणजे तिचे वर्तन आधीच वर्तवणारी समीकरणांची मांडणी, विकसित केले.

गैरसमज : गाळणी म्हणजे बारीक चाळणी.
वस्तुस्थिती : थरातील पोकळ्या बहुतेक कणांहून कितीतरी मोठ्या असतात. पाणी वाकडीतिकडी वाट काढत असताना कण तंतूंवर आदळतात, चिकटतात किंवा जड असल्यास खाली बसतात, म्हणून गाळण केवळ पृष्ठभागावर न होता थराच्या संपूर्ण खोलीत होते. इवासाकी यांनी 1937 मध्ये मांडलेल्या नियमानुसार प्रत्येक पातळीवर अडणारे कण तेथे पोहोचलेल्या कणांच्या प्रमाणात असतात. पहिल्या 10 सेंटिमीटरमध्ये एक चतुर्थांश कण अडले, तर पुढील 10 सेंटिमीटरमध्ये मूळच्या नव्हे, तर उरलेल्या कणांचा एक चतुर्थांश अडतो.

गैरसमज : माध्यम जितके जास्त दाबावे तितके उत्तम.
वस्तुस्थिती : दाबल्याने सच्छिद्रता, म्हणजे एकूण आकारमानातील पोकळीचा वाटा, घटते व कण अधिक अडतात, परंतु पाणी ढकलण्यासाठी लागणारा दाबही वाढतो. उदाहरणादाखल, 90 टक्के पोकळी असलेला थर उंचीने 30 टक्के दाबल्यास पोकळी सुमारे 86 टक्क्यांवर येते, आणि थर आखूड होऊनही, कोझेनी-कारमन सूत्रानुसार, थर ओलांडताना होणारी पाण्याच्या दाबातील घट सुमारे 1.65 पट होते. त्यातच अडकलेला गाळ साचत गेल्याने ही घट वाढत राहते, बॅकवॉश, म्हणजे माध्यम सैल करून धुण्याची क्रिया, लवकर करावी लागते आणि विजेचा व धुण्याच्या पाण्याचा खर्च चढतो. पाण्याची स्वच्छता आणि हा खर्च यांचा मेळ थर किती दाबल्यावर बसतो, हे आधीच दाखवणे हेच प्रारूपाचे खरे काम.

गैरसमज : एकदा तयार झालेले प्रारूप कोणत्याही केंद्राला चालते.
वस्तुस्थिती : कणांचे आकार व त्यांची चिकटण्याची क्षमता जैविक प्रक्रियेवर अवलंबून असल्याने प्रारूपातील गुणांक प्रत्येक ठिकाणच्या पाण्यावर, लहान प्रायोगिक गाळणी चालवून, ठरवावे लागतात. नाशिकपुरता आणखी एक मुद्दा असा, की सिंहस्थ कुंभमेळ्याची प्रमुख स्नाने पावसाळ्यात, 2015 मध्ये ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, झाली. पावसाचे पाणी गटारांत शिरून प्रवाह व गढूळपणा बदलत असताना केवळ उन्हाळ्यातील नमुन्यांवर बेतलेले गुणांक फसवे ठरतात. उलट, बदलत्या पाण्यानुसार थर कमी-अधिक दाबता येणे हाच या माध्यमाचा वाळूपेक्षा मोठा लाभ आहे.

गैरसमज : गाळलेले पाणी नितळ दिसले, म्हणजे ते शुद्ध झाले.
वस्तुस्थिती : गाळणी तरंगते कण काढते, विरघळलेले पदार्थ नव्हे. अमोनिया, नायट्रेट व विरघळलेला फॉस्फेट तिच्यातून जवळजवळ तसेच पुढे जातात, आणि गोदापात्रातील पाणवेलींना पोसणारे घटक नेमके हेच आहेत. स्नानयोग्य पाण्यासाठी केंद्रीय निकष जैविक ऑक्सिजन मागणी लिटरला 3 मिलिग्रॅमपर्यंत आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म 100 मिलिलिटरला कमाल 2500 असावेत असे सांगतात. केवळ नितळपणावरून यांपैकी काहीही सिद्ध होत नाही. तथापि कणांच्या आड दडलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन किंवा अतिनील किरण नीट पोहोचत नसल्याने, निर्जंतुकीकरणापूर्वीचे गाळण हे त्या क्रियेचे बळ निश्चितच वाढवते.

सारांश, दाबता येणारी गाळणी चांगल्या जैविक प्रक्रियेवरचा शेवटचा हात आहे. बिघडलेल्या प्रक्रियेची उणीव ती कितीही दाबली तरी भरून काढू शकत नाही.