खेळ थांबवू नका, वेळ बदला

वैशाखातली दुपार. साडेतीनची वेळ. खिडक्यांना पडदे लावलेले, पंखा गरगरतोय, आजी जमिनीवर चटई टाकून आडवी झालेली. पाच वर्षांची नात तिसऱ्यांदा दाराची कडी काढू पाहते. ‘बाहेर नको गं, ऊन लागेल,’ आजी डोळे न उघडताच म्हणते. ‘मग मी काय करू? कंटाळा आला.’ थोड्या वेळाने आई स्वयंपाकघरातून येते आणि मुलीच्या हातात मोबाइल देते. घर शांत होते. साडेसहाला ऊन उतरते, बाहेर जरा वारा सुटतो. पण तोवर मुलगी मोबाइलमध्ये एवढी गुंतलेली असते, की आता तिलाच बाहेर जायचे नसते.

सुट्टीच्या दिवसांत हे दृश्य घरोघरी दिसते. आजीची भीती खोटी नाही आणि आईची अडचणही खोटी नाही. गफलत एवढीच होते, की उन्हापासून जपताना मुलांचा खेळच बंद होतो. खरे तर बंद ठेवायचे असतात ते दिवसातले सहा-सात तास. उरलेला दिवस मुलांचाच असतो.

मुलांना ऊन लवकर का लागते?

लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते, त्यामुळे बाहेरची उष्णता त्याच्या शरीरात लवकर शिरते. त्याला घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो आणि धावताना वजनाच्या मानाने शरीरात उष्णता मात्र जास्त तयार होते. शिवाय रंगात आलेला खेळ सोडून पाणी प्यायला येणे कुठल्याही मुलाच्या स्वभावात नसते. तहान लागली, डोके दुखते, गरगरते हे नेमके सांगणे तीन-चार वर्षांच्या मुलाला जमत नाही. ते किरकिर करते किंवा गप्प बसते.

सूर्य डोक्यावर असतो तेव्हा, म्हणजे भर बारा वाजता, सर्वात जास्त उकडते असा समज आहे. प्रत्यक्षात हवेचे तापमान साधारण अडीच ते चारच्या दरम्यान सर्वाधिक असते. जमीन, भिंती आणि गच्ची तर त्यानंतरही बराच वेळ तापलेल्या राहतात. म्हणून ‘चार वाजले, आता जा खेळायला’ हे मे महिन्यात चालत नाही.

प्रदेशानुसारही फरक पडतो. विदर्भ-मराठवाड्यात हवा कोरडी असते. घाम चटकन वाळतो, त्यामुळे शरीरातून किती पाणी गेले ते कळतच नाही. मुंबई-कोकणात पारा ३४-३५ अंशांवरच असतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. भारतीय हवामान विभाग मैदानी भागात उष्णतेच्या लाटेसाठी किमान ४० अंशांचा निकष धरतो, तर किनारपट्टीवर किमान ३७ अंशांचा. दोन्हीकडे सरासरीपेक्षा किती वाढ झाली हेही पाहिले जाते. त्यामुळे नागपूरचा आकडा पाहून रत्नागिरीच्या पालकांनी निर्धास्त होऊ नये.

मग बाहेर कशाला?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल व्हायला हवी. तीन ते चार वर्षांच्या मुलांसाठी त्यातली किमान ६० मिनिटे धाप लागेल अशा खेळाची असावीत. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको, त्यापुढे दिवसाला जास्तीत जास्त एक तास. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सची शिफारसही पाच वर्षांपर्यंत हीच आहे.

उघड्यावरच्या उजेडाचा डोळ्यांशीही संबंध आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात सहा-सात वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर घेतला. तीन वर्षांनी या शाळांतल्या सुमारे ३० टक्के मुलांना दूरचे कमी दिसण्याचा दोष जडलेला आढळला, तर इतर शाळांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. यासाठी मुलाला उन्हात उभे करण्याची गरज नाही. घरातल्या दिव्याखाली काही शे लक्स उजेड असतो, तर बाहेर झाडाच्या सावलीतही तो कित्येक पटींनी जास्त असतो. सकाळची सावली डोळ्यांना पुरते.

सकाळ: अंगणाची

उन्हाळ्यात मुले उशिरा झोपतात, उशिरा उठतात, आणि दिवसातला सर्वात चांगला खेळाचा वेळ झोपेत जातो. मे महिन्यात सहाच्या आसपास उजाडलेले असते. सहा ते साडेआठ ही अडीच तासांची वेळ पकडली, तर दिवसाची निम्मी लढाई जिंकली. त्यासाठी आदल्या रात्री मुलांना लवकर झोपवावे लागते. तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात दहा ते तेरा तास झोप लागते. त्यातला काही भाग दुपारच्या झोपेतून भरून निघतो.

सकाळच्या खेळाला फार सामान लागत नाही. लंगडी, विषामृत, साखळी, लगोरी, डबा ऐसपैस या खेळांत धावणे, थांबणे, नेम धरणे आणि आपली पाळी येईपर्यंत वाट पाहणे असे सगळेच आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलांना तर मातीत खड्डा करणे, झाडांना तांब्याने पाणी घालणे, मुंग्यांच्या रांगेमागे जाणे एवढेही पुरते. निघण्यापूर्वी केळे किंवा दूध असे काहीतरी पोटात हवे. कपडे सुती, सैल आणि फिक्या रंगाचे. डोक्यावर टोपी.

दुपार: सावलीची

अकरा ते साडेपाच हा वेळ घरात किंवा गार सावलीत. मोबाइलची मागणी याच वेळात येते. त्यावर उपाय म्हणून पालक मिनिटामिनिटाचा कार्यक्रम आखू लागतात आणि चार दिवसांत थकतात. तशी गरज नसते. मुलाला सतत कोणी रमवावे लागत नाही; त्याला थोडे सामान, थोडी जागा आणि बराचसा वेळ लागतो. ‘कंटाळा आला’ या वाक्यानंतरची दहा-पंधरा मिनिटे घरातल्यांनी निभावून नेली, तर बहुतेक मुले स्वतःच काहीतरी शोधून काढतात. पलंगावरची चादर तंबू होते, खोक्याची गाडी होते.

भातुकली, सापशिडी, पत्ते, अष्टचंगा हे दुपारचे खेळ. सागरगोटे आणि चिंचोके पाच वर्षांवरच्या मुलांसाठी ठीक, कारण लहान मुले ते तोंडात घालतात. घरकामातही खेळ असतो. शेंगा सोलणे, धुतलेल्या कपड्यांच्या जोड्या लावणे, कणकेच्या गोळ्याचे प्राणी करणे, वाळवणाची राखण करणे. कुरडयांचा चीक आणि अर्धओल्या पापड्या खायला मिळतात म्हणून आजही मुले आजीच्या मागे फिरतात. या कामांत बोटांचे स्नायू घडतात, मोजणे येते आणि गप्पांतून भाषा वाढते. दुपारच्या गोष्टीला तर कसलेही सामान लागत नाही.

मात्र सगळ्यांचे घर दुपारी गार नसते. पत्र्याच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी बाहेरच्या सावलीपेक्षा जास्त उकडते. अशा घरातल्या मुलाला ‘घरातच थांब’ म्हणणे धोक्याचे ठरते. त्याच्यासाठी कडुनिंबाची किंवा वडाची दाट सावली, देवळाचा सभामंडप, समाजमंदिर किंवा शेजारचे पक्के घर बरे. पत्र्यावर गवत किंवा ओली पोती टाकली, दारे-खिडक्या रात्री उघड्या ठेवल्या तर फरक पडतो. बांधकामावर, वीटभट्टीवर आई कामाला असते तेव्हा मूल तिथेच कुठेतरी खेळत असते. तिथे सावलीचा आडोसा आणि पिण्याचे पाणी देणे ही कामाच्या मालकाची जबाबदारी आहे.

संध्याकाळ: सावधपणे

साडेपाच-सहानंतर पुन्हा बाहेर. बागेतली पत्र्याची घसरगुंडी आणि लोखंडी झोका आधी हाताच्या पालथ्या बाजूने तपासावा. हाताला चटका बसत असेल तर मुलाच्या मांडीलाही बसणारच. गच्चीवर खेळताना कठड्याची उंची पाहावी आणि त्याला लागून ठेवलेली खुर्ची, कुंडी, टाकी हलवावी. सात-साडेसातनंतर आंघोळ आणि जेवण झाले, की झोप आपोआप लवकर येते आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ हाती लागते.

पाणी आणि खाणे

खेळताना दर वीस-पंचवीस मिनिटांनी मुलाला बोलावून पाणी पाजावे. ‘तहान लागली का?’ असे विचारत बसू नये. लघवी फिक्या रंगाची आणि नेहमीएवढी होत असेल, तर पाणी पुरेसे आहे. गडद पिवळी झाली किंवा पाच-सहा तास झालीच नाही, तर कमी पडते आहे. ताक, लिंबू-सरबत, कैरीचे पन्हे चांगले. त्यांतून पाण्याबरोबर मीठही जाते. थंड पेये आणि पाकिटातली गोड सरबते साध्या पाण्याची जागा घेऊ शकत नाहीत. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचे पाणी अजिबात देऊ नये. उन्हाळ्यात आईचे दूध जास्त वेळा पाजले की पुरते.

जुलाब-उलट्या झाल्यास ओआरएस हवेच. पाकिटावर लिहिलेल्या मापाएवढ्या पाण्यात पूर्ण पाकीट एकाच वेळी विरघळवावे. मोठे पाकीट एक लिटरसाठी असते. थोडी पूड पेल्यात टाकून चमच्याने ढवळणे चुकीचे, कारण त्यात मिठाचे प्रमाण बिघडते.

खेळातले धोके

पाण्याचा खेळ उन्हाळ्यात हवाच. पण मोठे माणूस हाताच्या अंतरावर असेल तरच. एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या जगभरातल्या प्रमुख कारणांत बुडण्याचा क्रमांक चौथा आहे, आणि त्यासाठी विहीरच लागते असे नाही. अर्धी भरलेली बादली पुरते. डोके जड असलेले तान्हे त्यात वाकते आणि त्याला परत उठता येत नाही. तेही आवाज न करता. खेळ संपला की टब उपडा करावा. सुट्टीला गावी गेल्यावर शेततळ्यापासून विशेष जपावे. प्लास्टिक अंथरलेल्या तिरक्या कडा एवढ्या निसरड्या असतात, की पोहता येणारा मोठा माणूसही सहज वर येऊ शकत नाही.

पत्र्याच्या कूलरला ओल्या हाताने लागलेला झटका जीव घेऊ शकतो. कूलरची अर्थिंग तपासून घ्यावी आणि पाणी भरताना प्लग काढावा. बंद गाडीत मुलाला क्षणभरही ठेवू नये. उन्हात उभ्या गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच तापमान साधारण दहा अंशांनी वाढू शकते आणि काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. जांभळे, करवंदे, बोरे हा रानमेवा मुलांनी खावाच. पण चार वर्षांखालच्या मुलांना बिया काढून, बसवून द्यावा. पळताना खाल्लेली बी किंवा शेंगदाणा श्वासनलिकेत अडकू शकतो.

ऊन लागले हे कसे ओळखावे?

चेहरा लाल किंवा पांढराफटक, खूप घाम, डोकेदुखी, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, नेहमीचे चपळ मूल एकाएकी मलूल ही सुरुवात असते. खेळ लगेच थांबवावा, सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने अंग पुसावे आणि थोडे थोडे पाणी किंवा ओआरएस पाजावे. अर्ध्या तासात मूल ताजेतवाने झाले नाही, तर डॉक्टरांकडे न्यावे.

अंग चटका बसेल एवढे तापले आहे आणि मूल असंबद्ध बोलते, झोकांड्या खाते, हाक मारल्यावर नीट ओ देत नाही किंवा त्याला झटके येतात, तर तो उष्माघात आहे. कातडी कोरडीच असली पाहिजे असे नाही. खेळता खेळता कोसळलेले मूल घामाने चिंबही असू शकते. १०८ क्रमांकावर फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत वाट न पाहता मुलाला थंड करायला लागावे. कपडे काढून अंगभर पाणी ओतावे, पंख्याने वारा घालावा, मान, काखा आणि जांघांत फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये, ते फुप्फुसांत जाते. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, कारण तो जंतुसंसर्गाचा नसतो. कांदा खिशात ठेवून किंवा तळपायाला चोळूनही तापमान खाली येत नाही; त्यात जाणारा वेळ मात्र मुलाच्या मेंदूला आणि मूत्रपिंडाला महागात पडतो. सरकारी रुग्णालयात उशिरा पोहोचणाऱ्या मुलांच्या बाबतीत अनेकदा आजारापेक्षा हा मधला वेळच घात करतो.

दाराची कडी

त्या दुपारच्या घरातही हे जमण्यासारखे आहे. रात्री नऊला दिवा मालवला, तर सकाळी सहाला आजी आणि नात दोघीही जाग्या असतात. आजीला चालायचे असते, नातीला धावायचे असते. साडेआठला दोघी घामाघूम होऊन परततात, पाणी पितात, खातात. मग दुपारी ‘कंटाळा आला’ हे वाक्य येईलच. पण ते ऐकून लगेच मोबाइल शोधायची गरज नाही. सकाळी अंग मोकळे झालेले मूल दुपारी बसून खेळते आणि खेळता खेळता झोपीही जाते. संध्याकाळी सहाला दाराची कडी काढायला ते पुन्हा तयार असते. तेव्हा मात्र त्याला ‘नको’ म्हणू नये.